फूल आणि पाकळी

आपल्या भाषेंत दोन म्हणी शेजारीं शेजारीं नांदतात, पण त्यांचें एकमेकींशीं कधींच पटलेलें नाहीं. एक म्हणते, ‘अंथरूण पाहून पाय पसरावे’. दुसरी म्हणते, ‘हौसेला मोल नाहीं’. घरखर्चाच्या वहींत पहिलीचें राज्य चालतें आणि लग्नकार्यांत दुसरीचें. परंतु ज्या मध्यमवर्गीय गृहस्थानें पन्नाशी ओलांडल्यावर केवळ प्रकृतीसाठीं म्हणून एखादा खेळ धरिला, आणि पुढें प्रकृति विसरून खेळच धरून ठेविला, त्यानें कोणत्या म्हणीचें ऐकावें, हें अद्याप ठरलेलें नाहीं. आमचा खेळ बॅडमिंटन. आणि आमच्यापुढील प्रश्न एवढाच कीं, पिसाचें फूल घ्यावें कीं नायलॉनचें?

हा खेळ आपणांस परका नाहीं. त्याचें नांव इंग्लंडांतील एका सरदारी वाड्यावरून पडलें हें खरें. पण त्याचे आरंभींचे नियम १८७० नंतरच्या दशकांत पुण्याच्या छावणींत बसविले गेले, आणि कांहीं काळ तो ‘पूना’ याच नांवानें ओळखला जाई. सांगलीच्या नंदू नाटेकरांनीं १९५६ सालीं मलायांत आंतरराष्ट्रीय स्पर्धा जिंकून हिंदी खेळाडूंना परदेशांतील विजयाची वाट दाखविली. आमच्या नागपुरांतही मानकापूरच्या क्रीडासंकुलांत २०१७ सालीं राष्ट्रीय अजिंक्यपदाचे सामने झाले, व सायना नेहवाल आणि सिंधू यांची अंतिम लढत गांवानें डोळे भरून पाहिली. पुढें २०२२ च्या जानेवारींत नागपूरच्याच मालविका बनसोडनें दिल्लींत सायनाला हरविलें. तेव्हांपासून आमच्या गांवांत ज्याच्या त्याच्या मुलाच्या हातीं रॅकेट दिसूं लागली आहे.

इंग्रज आणि भोसले यांची लढाई १८१७ च्या नोव्हेंबरांत ज्या सीताबर्डीच्या टेकडीवर झाली, तिच्या पायथ्याशीं आतां नागपूरची मोठी बाजारपेठ आहे. तेथील एका खेळसामानाच्या दुकानांत खालच्या फळीवर नायलॉनच्या फुलांच्या नळ्या असतात आणि वरच्या फळीवर पिसांच्या. वरच्या फळीकडे बोट दाखवून दुकानदार म्हणतो, ‘सर, सगळे मोठे खेळाडू ह्यानेंच खेळतात.’ विधान अगदीं खरें आहे. मात्र ते त्या फुलामुळें मोठे झाले, असें दुकानदारही म्हणत नाहीं; तेवढें तो गिऱ्हाइकाच्या कल्पनेवर सोडतो.

पिसाचें फूल ही वस्तु खरोखरच कौतुकाची आहे. बुचाच्या टोपींत सोळा पिसें गोलाकार रोवलेलीं. सगळ्यांचें मिळून वजन ४.७४ ते ५.५० ग्रॅम. एका फुलाचीं सारीं पिसें पक्ष्याच्या एकाच बाजूच्या पंखांतील हवींत, डावीं तर डावीं, उजवीं तर उजवीं. एरवीं फूल हवेंत नीट फिरत नाहीं. कलहंसाचें पीस ताठ व महाग, बदकाचें त्याहून स्वस्त. बंगालमध्यें उलुबेरिया येथें हीं फुलें हातानें बनविण्याचा धंदाच आहे. जोरानें मारलेलें पिसाचें फूल निघतें बाणासारखें, आणि क्षणांत सारा वेग टाकून उभें खालीं उतरतें. नायलॉनच्या फुलाला असा वैराग्याचा झटका येत नाहीं. तें आपलें सरळ चालत राहतें. परंतु पिसाच्या फुलाचें एक पीस मोडलें कीं तें डळमळूं लागतें, आणि आमच्यासारख्यांच्या वेड्यावांकड्या फटक्यांखालीं तें दोन डावही पुरत नाहीं. नायलॉनचें बिचारें आठवडाभर मार खातें.

त्यांत नागपूरचा उन्हाळा! मे महिन्यांत पारा ४५ अंशांच्या घरांत जातो. तापलेली हवा विरळ होते, तिचा अडथळा कमी होतो, आणि तेंच फूल अधिक दूर जातें. कोरडेपणानें पिसें ठिसूळ होतात तें निराळेंच. म्हणून जाणते खेळाडू त्यांना वाफ देतात. नायलॉनच्या फुलांवर वेग ओळखण्यासाठीं रंगीत पट्टी असते: हिरवी मंद, निळी मध्यम, तांबडी जलद. उन्हाळ्यांत आम्ही हिरवी मागून घेतों. फुलाच्या वेगाची कसोटी नियमांतच दिली आहे. मागच्या रेषेवरून तें खालून वर पूर्ण जोरानें मारावें. पलीकडच्या मागच्या रेषेच्या अलीकडे ५३० ते ९९० मिलिमीटरांच्या दरम्यान पडलें, तर योग्य. ही कसोटी आम्हीं करून पाहिली आहे. अडचण इतकीच कीं, आमचा हात सोमवारीं एक माप दाखवितो आणि गुरुवारीं दुसरें. ज्या तराजूची दांडीच हलते, तिच्यावर सोनें तोलून काय कळणार?

महाग वस्तु म्हणजेच खरा खेळ, हा आग्रह जगांत सर्वत्र आहे, आणि त्याचा पराभवही जुना आहे. स्कॉटलंडांत गोल्फचा चेंडू पूर्वी कातड्याच्या पिशवींत उकडलेलीं पिसें ठासून बनवीत. कुशल कारागिराच्या हातूनही दिवसाकांठीं मोजकेच चेंडू होत, म्हणून ते महाग पडत. १८४८ च्या सुमारास मलायांतील झाडाच्या चिकापासून केलेला गटापर्चाचा स्वस्त चेंडू आला. सेंट अँड्र्यूजचा ॲलन रॉबर्टसन हा पिसांच्या चेंडूंचा नामांकित कारागीर. आपला साथीदार टॉम मॉरिस नव्या चेंडूनें खेळला, एवढ्यावरून दोघांचें बिनसलें आणि मॉरिस त्याला सोडून गेला. पण चेंडू राहिला. आणि ज्यांना तोंवर हा खेळ लांबूनच पाहावा लागे, अशा कित्येकांच्या हातीं तो त्या स्वस्त चेंडूनेंच दिला.

तथापि स्वस्ताईचा झेंडा घेऊन आम्ही निघालों आहों, असें वाचकांनीं समजूं नये. आमच्या शेजारच्या कोर्टावर एक बारा वर्षांची मुलगी शिकते. तिच्या वडिलांनीं आमचा सल्ला विचारिला, तेव्हां पिसांचींच फुलें घ्या, असें आम्हीं निःशंकपणें सांगितलें. तिच्या मनगटाला अजून वळण लागावयाचें आहे. नायलॉनच्या चालीवर तें वळण पडलें, तर पुढें स्पर्धेंत प्रत्येक फटक्याची वेळ चुकेल. तिच्या बाबतींत महाग फूल ही चैन नसून पाठ्यपुस्तक आहे. आमचें वळण लागून गेलें. जें लागलें तें आतां कोणत्याही फुलानें सुटणार नाहीं.

आमचा संच चौघांचा: एक वकील, एक औषधांचे दुकानदार, खाजगी शाळेंतून निवृत्त झालेले एक मास्तर आणि आम्ही. फुलांचा खर्च चौघांत सारखा. वकीलसाहेबांनीं एके दिवशीं ठराव मांडिला कीं, आयुष्याचीं वर्षें आतां थोडीं राहिलीं, तेव्हां राजासारखें पिसांच्या फुलांनीं खेळावें. सर्वांनीं मान डोलाविली, मास्तरांनींही डोलाविली. तीन आठवडे आम्ही राजे होतों. चौथ्या आठवड्यांत मास्तरांचा गुडघा दुखूं लागला आणि ते येईनासे झाले. त्याच सुमारास सीताबर्डीच्या मेट्रो स्थानकाचा जिना तरुणासारखे चढतांना आम्हीं त्यांस पाहिलें, तेव्हां दुखणें गुडघ्याचें नाहीं हें ध्यानीं आलें.

दुकानदार मनाचे उदार. ते म्हणाले, ‘मास्तरांचा वाटा मी भरतों.’ आम्हीं त्यांस थांबविलें. ज्या गृहस्थानें जन्मभर कोणाचा कप चहादेखील परत पाजल्यावांचून ठेविला नाहीं, तो दुसऱ्यानें विकत घेतलेल्या फुलानें कसा खेळेल? वाटा कमी केला तर दया होते. फूलच स्वस्त केलें तर नुसता नियम होतो, आणि नियमाखालीं चौघेही सारखे. वकीलसाहेब थोडे कुरकुरले, पण त्यांना शेवटीं तें पटलें. सोमवार ते शनिवार नायलॉन. रविवारीं मात्र शेजारच्या कोर्टावरचीं पोरें एखादें पीस मोडल्यामुळें जीं फुलें टाकून देतात, तीं त्यांच्याकडून मागून घ्यावयाचीं, असें ठरलें. ही बातमी मास्तरांस कळविल्यावर दुसऱ्याच सोमवारीं त्यांचा गुडघा बरा झाला.

गेल्या रविवारीं असेंच एक पंधरा पिसांचें फूल हातांत घेऊन ते आम्हांस म्हणाले, ‘फूल नाहीं तर फुलाची पाकळी, प्रोफेसरसाहेब, इथें तर एक पाकळी सोडून अख्खें फूल मिळालें!’ आणि तें डळमळणारें फूल त्यांनीं जाळीला घासून असें अलगद पलीकडे टाकिलें कीं, वकीलसाहेब नुसते पाहत उभे राहिले.