ईशानचा चष्मा, सईचं मैदान

प्रिय मीनल,

ईशानला चष्मा लागल्यापासून तू स्वतःलाच बोल लावून घेते आहेस, मोबाईल दिला नसता तर, म्हणून. ते आधी थांबव. तू आणि जावईबापू दोघंही चष्मेवाले, तेव्हा थोडं रक्तातूनही आलंच असणार.

डोळा मुलाबरोबर वाढतो. जन्मतः तो पुढून मागे साधारण १७ मिलिमीटर असतो, मोठेपणी २४ च्या आसपास. ही वाढ वेळेवर थांबली नाही की डोळा लांबट होतो आणि लांबच्या वस्तूचं चित्र पडद्याच्या अलीकडेच पडतं. एक मिलिमीटर जास्तीचा म्हणजे अडीच-तीन नंबर. लांबलेला डोळा पुन्हा आखूड होत नाही. सासूबाई प्रेमानं गाजराचा रस देतात तो देऊ दे, पण त्यानं नंबर उतरायचा नाही.

आता सईचं. ती अजून सहाचीच आहे, आणि मला खरी काळजी तिची आहे. सिंगापूर आणि सिडनीतल्या चिनी वंशाच्या, तिच्याच वयाच्या मुलांची तुलना २००८ मध्ये प्रसिद्ध झाली. सिंगापुरात शंभरातल्या २९ मुलांना लांबचं कमी दिसत होतं, सिडनीत जेमतेम तिघांना. चष्मेवाल्या आईवडिलांचं प्रमाण दोन्हीकडे जवळपास सारखं. गंमत म्हणजे सिडनीची मुलं पुस्तकं जास्त वाचत होती! पण ती आठवड्याला पावणेचौदा तास घराबाहेर असायची, सिंगापूरची तीनच तास. पुढे चीनमधल्या ग्वांगझूत काही शाळांनी पहिलीच्या मुलांना रोज ४० मिनिटं जास्त बाहेर काढलं. तीन वर्षांत तिथे नव्यानं चष्मा लागण्याचं प्रमाण साडेएकोणचाळीस टक्क्यांऐवजी साडेतीस टक्क्यांच्या आत राहिलं.

घरातल्या दिव्याखाली तीनचारशे लक्स उजेड असतो, उघड्यावर दहा हजारांच्या वर. त्या उजेडानं पडद्यात डोपामिन पाझरतं आणि ते डोळ्याचं लांबणं आवरतं, असा अभ्यासकांचा कयास आहे. ऊन डोक्यावर घ्यायची गरज नाही. टोपी घालून झाडाखाली खेळली तरी घरापेक्षा कितीतरी जास्त उजेड मिळतो.

उजेडाचा हा उपयोग चष्मा लागण्याआधी जास्त होतो, म्हणून तुझ्या मागे लागले आहे. सईचा संध्याकाळचा अबॅकस क्लास बंद कर. दिवसाउजेडी दोन तास तिला खाली सोड, शाळेतली मधली सुट्टी धरून चालेल.

ईशानलाही बाहेर पाठव, पण त्याचा चष्मा पूर्ण नंबरचाच हवा. कमी नंबरचा दिला तर डोळ्याला सवय लागत नाही, हा समज चुकीचा आहे. मलेशियातल्या एका अभ्यासात अशा मुलांचा नंबर उलट लवकर वाढला. थेंब घालून तपासणी झाली होती का, ते विचार. त्याशिवाय मुलांचा नंबर नेमका कळत नाही. सहा महिन्यांनी पुन्हा दाखव. झपाट्यानं वाढत असेल तर कमी मात्रेच्या ॲट्रोपिनच्या थेंबांबद्दल डॉक्टरांशी बोल. फार मोठ्या नंबरात पुढे पडदा सुटण्याची भीती असते, म्हणून वाढ रोखायची.

त्याच फेरीत सईचेही डोळे तपासून घे.

तुझी,
मावशी