पाणी आलं तर

सापगावच्या पुलावरून भातसा ओलांडून मी नववीला इंग्रजी शिकवायला जायचे. त्या आठवड्यात जर-तर चाललं होतं. निम्म्या वह्यांत एकच चूक: 'इफ इट रेन्ड, आय विल स्टे होम.' आधी वैतागले. मग लक्षात आलं, मुलं मराठीच लिहितायत. उद्याच्या पावसाबद्दलही आपण 'पडला तर' म्हणतो. रूप भूतकाळाचं, गोष्ट उद्याची! इंग्रजीला तिथे 'रेन्स' लागतं. 'रेन्ड' म्हटलं की पावसाची आशाच सोडल्यासारखं होतं, आणि पुढे 'वुड' येतं.

'मी पक्षी असते तर' पुरे, घरातलं वाक्य लिहा, म्हटलं. मागच्या बाकावरच्या मुलीनं लिहिलं: 'इफ वॉटर केम टू अवर पाडा, आय वुड कम टू स्कूल ऑन टाइम.'

भातसा धरणाचं पाणी मुंबईला जातं. तिच्या पाड्यावर उन्हाळ्यात टँकर येतो, तो आला की शाळा. उशिरा आली म्हणून त्याच महिन्यात मी तिला तीनदा दाराबाहेर उभं केलं होतं. कारण विचारलं नव्हतं.

"पाणी येईल असं वाटत असेल, तर 'कम्स' आणि 'विल' लिही," मी म्हटलं.

"नाही वाटत, बाई. म्हणून तर 'केम' लिहिलं."