बोरन्हाण आणि बोटांची भाषा

पौषातल्या सकाळी असीरगडाचा तट धुक्यात बुडालेला असतो. पायथ्याशी असलेल्या आमच्या अंगणात ऊन उतरायला बराच वेळ लागतो. गेल्या पौषात आमची चार वर्षांची नात येथे राहावयास आली, तेव्हा त्या कोवळ्या उन्हात घोंगडी अंथरून आम्ही उभयतांनी तिच्यापुढे घरचेच जिन्नस मांडले : नुकताच वेचलेला कापूस, तुरीच्या ओल्या शेंगा, तीळ, गुळाचा खडा.

घोंगडीला हात लागताच तिने तो झटकन मागे घेतला. "आजी, ये चुभता है!"

"टोचतं म्हणावं, बाळ."

तिने तो शब्द परक्यासारखा उच्चारला. जेवण, झोप, आंघोळ हे मराठी शब्द तिला येत होते. स्पर्शाचा मात्र एकही नव्हता. १८१९ साली शिंद्यांच्या अंमलातला हा गड इंग्रजांनी घेतला. सत्ता गेली तरी आमच्यासारखी घराणी निमाडातच राहिली. बाजारात हिंदी-निमाडी आणि उंबऱ्याच्या आत मराठी, ही वाटणी पिढ्यानपिढ्या टिकली. आता ती उंबऱ्याच्या आतच विरते आहे, हे त्या एका शब्दाने आम्हांस कळले.

मग रोज सकाळी तोच खेळ मांडला. कापसातून सरकी ओढताना 'चिवट' आला, गुळाबरोबर 'चिकट', तिळांत बोटे बुडवताना 'गुळगुळीत'. हरभऱ्याच्या डहाळीवरची आंब चाटून तिने तोंड वेडेवाकडे केले आणि स्वतःच म्हणाली, "आंबट!" पायरीचा काळा दगड सकाळी गार, दुपारी ऊबदार, तो तर तिने दिवसातून दहादा चाचपला.

यात आमचे नवे काही नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीस बालशिक्षणाचे काम आरंभिले, तेव्हा मॉन्टेसरीबाईंची महागडी साधने बाजूस ठेवून खडे, शिंपले, पाने, बिया मुलांच्या हाती दिल्या. आपल्या आज्या-पणज्यांनीही तेच केले होते. त्याला त्या बोरन्हाण म्हणत.

संक्रांतीनंतर आम्ही ते केले. काळे झबले, हलव्याचे दागिने आणि डोक्यावरून बोरे, उसाचे करवे, चुरमुरे यांचा वर्षाव! शेजारची रांगती बाळेही जमली होती. बोराची बी किंवा शेंगदाणा घशात अडकू नये म्हणून त्यांच्यापुढे चुरमुरे तेवढे ठेवले आणि नजर हलू दिली नाही. नातीने ओंजळी भरभरून बोरे उधळली.

निघताना तिने आजोबांच्या दोन दिवसांच्या दाढीवरून हात फिरवला. "आजोबा टोचतात," ती म्हणाली.

पुढल्या पौषापर्यंत तो शब्द तिच्यापाशी राहील काय? तिच्या घरी तो किती वेळा कानी पडतो, यावरच ते अवलंबून आहे.