पाटी आणि वही

संगणकाचे प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांत दोन जाती असतात. पहिली, 'चाललंय ना, मग हात लावू नका' म्हणणाऱ्यांची. दुसरी, फंक्शनल प्रोग्रॅमिंग शिकून आलेल्यांची. पहिल्या जातीचा माणूस लग्नात भेटला तर प्रकृतीची चौकशी करतो. दुसऱ्या जातीचा भेटला तर पहिला भात वाढून होण्याआधी लॅम्डाचा विषय काढतो आणि मठ्ठ्यापर्यंत सोडत नाही. लॅम्डा म्हणजे ते पाय फाकून उभं राहिलेलं ग्रीक अक्षर. मी जन्माने आणि पगाराने पहिल्या जातीचा. जावा भाषेवर वीस वर्षं संसार केला. दुसऱ्या जातीचं म्हणणं मला पटलं ते कुठल्या पुस्तकामुळे नव्हे, जोह्याच्या मामांमुळे. आणि मामांना संगणक फक्त रेल्वेचं तिकीट काढणारा माहीत.

जोहे हे पेण तालुक्यातलं गाव. शेजारी हमरापूर. 'पेणचा गणपती' म्हणून जो घरोघर जातो, त्यातले पुष्कळसे या दोन गावांतून निघतात. ओटी, पडवी, माळा, जिथे सपाट जागा दिसेल तिथे बाप्पा बसलेले. पाहुण्याने बसायचं तर आधी बाप्पाला सरकवायला लागतं.

मामांच्या कारखान्यात रबराचे साचे आहेत. साच्यात प्लास्टर आणि काथ्या घातला की मूर्ती निघते आणि दर वेळी तीच निघते. आज अमावास्या आहे काय, मामा-मामींचं बिनसलं आहे काय, याची साचा चौकशी करीत नाही. बाहेर काय येणार हे आत काय गेलं यावरच ठरतं, आणि जाता जाता तो शेजारच्या मूर्तीची सोंडही वाकडी करीत नाही. पंडित याला शुद्ध फंक्शन म्हणतात. (साचा झिजतो म्हणाल, तर उपमेलाही थोडा घसारा धरावा.) आमच्या कचेरीतली फंक्शनं असली सोवळी नव्हती. पगार मोजायला पाठवलेलं फंक्शन वाटेत कुणाची रजा कापून यायचं, आणि सोमवारचं उत्तर मंगळवारी देईलच याची खात्री नसायची.

दुसरी गोष्ट. 'पहिली मूर्ती उचल, रंगव, ठेव, दुसरी उचल, शंभर झाल्या का बघ', असं मामा कधी सांगत नाहीत. 'या रांगेला पांढरा मारा' म्हणतात आणि चहाला जातात. आम्ही प्रोग्रॅमवाले मात्र संगणकाला एक-एक उचलायला लावतो आणि मोजताना एखादी विसरतो. रांग द्यायची आणि कामही द्यायचं, कारण काम हीसुद्धा हातातून हातात देण्याची वस्तू आहे. हा झाला 'मॅप'. 'तडा गेलेल्या बाजूला काढा' हा 'फिल्टर'. आणि संध्याकाळी सगळ्या रांगेची मिळून एक रक्कम होते ती 'रिड्यूस'. मामा तिला हिशेब म्हणतात.

मूर्ती सुकते, मग घासकाम, पांढरा, अंगाचा रंग, पीतांबर आणि शेवटी डोळ्यांची आखणी. एकाकडून निघालेलं पुढच्याकडे जातं. ओली मूर्ती आखणीवाल्यापुढे ठेवून पाहा! तो ज्या नजरेने तुमच्याकडे बघेल, तिला हॅस्केल भाषेत टाइप एरर म्हणतात.

गावातून पुष्कळ मूर्ती कच्च्याच, म्हणजे बिनरंगाच्या, बाहेरगावी जातात. अर्धं काम इथे, उरलेलं घेणाऱ्याकडे. फंक्शनलाही सगळं एकदम न देता एक-एक देता येतं. एक दिलं की उरलेल्याची वाट पाहणारं नवं फंक्शन हाती येतं. याला करिंग म्हणतात. मामींना तो रश्शाचा प्रकार वाटला. पण हे नाव हॅस्केल करी या अमेरिकन तर्कशास्त्रज्ञाचं. त्याच्याच पहिल्या नावाची भाषा १ एप्रिल १९९० रोजी जाहीर झाली. तारखेकडे दुर्लक्ष करावं.

हे खूळ नव्या पोरांचं, असं कुणी म्हणू नये. अलॉन्झो चर्चने लॅम्डा कॅल्क्युलस मांडलं ते १९३० च्या दशकात, आजच्यासारखे संगणक यायच्या आधी. जॉन मॅकार्थीची लिस्प १९५८ ची. फोरट्रानचा जनक जॉन बॅकस याने तर १९७७ साली ट्यूरिंग पारितोषिकाच्या भाषणात आपल्याच घराण्यातल्या भाषांवर कोरडे ओढले. आपल्याकडे असा माणूस दुसऱ्या सत्काराला बोलावत नाहीत. माझ्या जावाबाईंनीही २०१४ साली, आठव्या आवृत्तीत, लॅम्डा घरात घेतला.

पण खरी गोष्ट पाटीची. कारखान्यात भिंतीला पाटी होती. 'बैठी, दीड फुटी, शिल्लक १२.' एक विकली की १२ पुसून ११ लिहायचं. एका वर्षी गर्दीत मामांनी १२ वाचलं, त्याच वेळी धाकट्या मामांनीही वाचलं. दोघांनी एक-एक विकली आणि दोघांनी ११ लिहिलं. गेल्या दोन, घटली एक. पाटीवरचा आकडा अगदी सुवाच्य अक्षरात खोटा.

हरतालिकेच्या संध्याकाळी कल्याणहून एक कुटुंब पावती घेऊन आलं. पाटीवर 'शिल्लक १', फळी मोकळी. त्यांची धाकटी जूनमध्ये येऊन बोट दाखवून गेली होती. ती रडली नाही, नुसती त्या मोकळ्या फळीकडे बघत राहिली. रडली असती तर बरं, असं वाटायला लावणारं ते बघणं होतं. चतुर्थी काही एक दिवस पुढे ढकलता येत नाही. मामा आत गेले, घरच्या पूजेसाठी ठेवलेली तशीच मूर्ती आणली आणि त्यांच्या हवाली केली. मग रात्रभर बसून त्यांनी एका कच्च्या मूर्तीला रंग दिला. पहाटे डोळे आखताना त्यांचा हात हलला नाही. माझा नुसता बघताना हलत होता.

पुढच्या वर्षी पाटी गेली, वही आली. विकली की एक ओळ. ओळ खोडायची नाही, बदलायची नाही. गिऱ्हाईक फिरलं तर 'परत आली' अशी नवी ओळ. शिल्लक लिहायचीच नाही, ओळींवरून मोजायची. दोघा भावांनी एकदम दोन ओळी लिहिल्या तरी दोन्ही राहतात. मी म्हटलं, "मामा, कागद फार लागेल." मामा म्हणाले, "कागद मिळतो रे दुकानात. पाटीला आठवण नाय. वहीला हाय."

फंक्शनल पंथाचा अर्धा ग्रंथ या वाक्यात आहे. त्या भाषाही दर वेळी सगळी वही उतरवून काढत नाहीत. जुनी पानं तशीच ठेवून नवं पान जोडतात.

मग जगात काही बदलायचंच नाही का? बदलायचं, पण दारात. पैसे घेणं, टेम्पो भरणं, पावसाला शिव्या देणं हे सगळं मामा दारात उरकतात. आत साचे आणि रांगा, दारात जग. तुम्हीही उद्या कचेरीत सगळा कोड नव्याने लिहायला बसू नका, नोकरी जाईल. एकच फंक्शन निवडा. त्याला लागेल ते सगळं त्याच्या हातात द्या, आणि भिंतीवरच्या पाटीपर्यंत त्याचा हात पोचू देऊ नका. आणि कधी काही पुसायची फारच हुक्की आली, तर आधी बघून घ्या, मागे कुणी पावती घेऊन उभं नाही ना.