आमच्या घरातली त्रिमूर्ती

आमच्या डोंबिवलीच्या ब्लॉकमध्ये गेल्या जून महिन्यापासून एक नवा बिऱ्हाडकरू राहायला आला आहे. त्याला तोंड आहे, कान आहेत आणि डोळाही आहे. एकच, पण मोठा तीक्ष्ण. तो जेवत नाही, अंघोळीला पाणी मागत नाही, भाडे मात्र कसलेच देत नाही. टीव्हीच्या खाली, जिथे पूर्वी आमच्या सौ.ने शंखशिंपल्यांचा गणपती ठेवला होता, तिथे तो ठाण मांडून बसला आहे. मी त्याला त्रिमूर्ती म्हणतो. कारण एकाच देहात तीन देव नांदण्याचा प्रकार मी दत्तगुरूंनंतर इथेच पाहिला.

ही मूर्ती आणली आमच्या चिरंजिवांनी. ते कॅलिफोर्नियात सॅन होजे गावी असतात. सूनबाई तिथेच नोकरी करतात आणि सहा वर्षांची नात तिथल्या शाळेत जाते. आपल्याकडे घरोघरी हेच आहे, तेव्हा त्यात विशेष काही सांगण्यासारखे नाही. विशेष सांगायचे ते आमच्या आईविषयी. तिला चौऱ्याऐंशीवे सरले. बुद्धी शाबूत आहे, पण हात कापतात, आणि मोबाईल फोनवर चेहरा पाहून बोलण्याचा प्रकार तिच्या हातून काही केल्या जमला नाही. बोलणे म्हटले की फोन कानाला लावायचा, ही तिची पन्नास वर्षांची सवय. त्यामुळे दर रविवारी चिरंजिवांना सॅन होजेत बसून आजीचा उजवा कान तेवढा दिसे. "आजी, फोन समोर धर," असे तो ओरडला की ती फोन समोर धरी. मग कधी कपाळ दिसे, कधी छताचा पंखा. पणतीने तर एकदा विचारले होते, "पणजीआजीला तोंड नाही का?"

तर जूनमध्ये सुट्टीवर आले तेव्हा चिरंजीव बॅगेतून ही डबी घेऊन आले. उंची चार बोटे, लांबी वीतभर. "बाबा," तो म्हणाला, "सिनेमे-मालिका दाखवणारा बॉक्स, स्पीकर आणि कॅमेरा, तिन्ही ह्यात एकत्र आहेत. आता ते पाच रिमोट ड्रॉवरमध्ये टाका."

तिन्ही एकत्र म्हटल्यावर मला एकदम आठवला तो गिरगावातल्या आमच्या चाळीतला रेडिओग्राम. पहिल्या मजल्यावर एक डॉक्टर राहत. त्यांच्याकडे कपाटाएवढा रेडिओग्राम होता. वरचे झाकण उघडले की तबकडी लावायची, पुढची बटणे फिरवली की रेडिओ. आमच्या घरी साधा रेडिओ होता, त्याचे लायसन दरवर्षी वडील पोस्टात जाऊन भरत. आम्ही पोरे डॉक्टरांच्या खिडकीशी उभे राहून त्या कपाटाकडे देवघरासारखे पाहत असू. पुढे एकदा तबकडीचा भाग बिघडला. दुरुस्तीला न्यायचा म्हणजे चार हमालांनी आख्खे कपाटच न्यायला हवे! महिनाभर डॉक्टरांकडे तबकड्याही बंद आणि बातम्याही बंद. ते बातम्या ऐकायला आमच्या खोलीत येऊन बसत. एकात अनेक वस्तू सामावण्याचे सुख आणि दुःख, दोन्ही मला त्या वयातच कळले होते.

चिरंजिवांना मी हे सांगितले. तो हसला, पण म्हणाला, "तुमचं खरं आहे. ही कल्पना पुष्कळांनी करून पाहिली आहे." आणि मग त्याने मला जो इतिहास सांगितला तो ऐकण्यासारखा होता. अमेरिकेत बेल कंपनीने १९६४ साली न्यूयॉर्कच्या जागतिक मेळ्यात चेहरा दाखवणारा टेलिफोन मांडला होता. १९७० साली पिट्सबर्ग शहरात त्याची सेवा सुरूही केली. महिन्याचे बिल १६० डॉलर! एवढे पैसे मोजून आपला चेहरा दाखवण्याची हौस फारशा कोणाला वाटली नाही आणि तो प्रकार बसला. अलीकडे अ‍ॅमेझॉनने २०१८ साली टीव्हीचा बॉक्स आणि बोलका स्पीकर एका ठोकळ्यात घातला. २०२२ च्या ठोकळ्याला बाहेरून कॅमेरा जोडता येतो. फेसबुकने २०१९ साली टीव्हीवर बसवायचा कॅमेरा काढला, आणि २०२२ साली घरगुती गिऱ्हाइकांसाठी तो बंद करायचे ठरवले. अ‍ॅपलने २०२३ साली वेगळीच युक्ती केली. त्यांच्या टीव्हीच्या बॉक्सला कॅमेरा नाहीच. आपलाच फोन टीव्हीसमोर उभा करायचा, म्हणजे तो डोळ्याचे काम करतो. आमची डबी ह्यांपैकी कोणाची, हे मी मुद्दामच सांगत नाही. तिच्याविषयी पुढे जे लिहिणार आहे त्यावरून कोणी भांडायला येऊ नये, एवढीच इच्छा.

आता वाचक विचारतील, तीन डब्या तीन ठिकाणी ठेवल्या तर बिघडले कुठे? हीच शंका मी काढली. चिरंजीव इंजिनियर, तो उत्साहाने सांगू लागला. समजा, तो तिकडून बोलला आणि त्याचा आवाज आमच्या टीव्हीतून निघाला. तोच आवाज आमचा मायक्रोफोन ऐकणार आणि परत त्याच्याकडे पाठवणार. म्हणजे त्याला आपलाच आवाज घुमून ऐकू येणार. हे टाळायचे तर यंत्राला ठाऊक हवे की, आत्ता खोलीत निघालेला आवाज कोणता. मग तेवढा वजा करून उरलेला, म्हणजे आपला, तेवढाच पुढे पाठवायचा. टीव्हीमधून आवाज काढला तर तो किंचित उशिरा निघतो आणि वजाबाकीचा हिशेब चुकतो. तोंड आणि कान एकाच डबीत असले की हिशेब चोख राहतो. कॅमेऱ्याचा डोळा रुंद असतो, त्यामुळे आठ-दहा फुटांवरच्या दिवाणावर चौघे बसले तरी चौघे दिसतात. आणि एखादा उठून चालू लागला तर चित्र त्याच्यामागे सरकते. शिवाय एका तारेने डबी टीव्हीला जोडलेली असते, तिच्यातूनच ती टीव्हीला 'जागा हो' असा निरोपही देते.

मला ह्यातले निम्मे समजले. पण आईला जे समजले ते मात्र पुरते समजले. चिरंजीव परत गेल्यावर पहिल्या रविवारी सकाळी घंटी वाजली, टीव्ही उजळला आणि त्यात पणती कमरेपर्यंत दिसली, जवळजवळ खरी तेवढी! आई क्षणभर बोललीच नाही. मग म्हणाली, "अगं, तुझा दात पडला की!" दोन महिने पडलेला दात तिला फोनवर कधी दिसला नव्हता.

खरी गंमत पुढेच झाली. आई दुपारी वाती वळत बसते. त्या दिवशी बोलता बोलता तिने कापूस पुढे ओढला आणि वळू लागली. पणतीने विचारले, "ते काय करतेस?" आई म्हणाली, "ये, शिकवते." मुलगी धावत जाऊन औषधाच्या पेटीतला कापूस घेऊन आली. मग इकडे एक चौऱ्याऐंशी वर्षांची आणि तिकडे एक सहा वर्षांची, दोघी मांडीवर तळहात घासत तासभर बसल्या. तिच्या वाती अळीसारख्या गुबगुबीत होत होत्या. आईचे हात फोन धरताना कापतात, पण वात वळताना कापत नाहीत, हे माझ्या त्या दिवशी प्रथमच ध्यानात आले. फोनवर हे होणेच शक्य नव्हते. फोन धरायला एक हात गुंतला की उरलेल्या एका हाताने माणसाला कसे काय शिकवणार? ह्या डबीने आमच्या आईचे दोन्ही हात मोकळे केले. तिचा सर्वांत मोठा गुण मी हाच मानतो.

असे दोन महिने सुखात गेले. मग श्रावणात आई न्हाणीघराशी चक्कर येऊन पडली. मी बँकेत गेलो होतो, सौ. भाजीला. देवदयेने हाड मोडले नाही. डॉक्टरांनी रक्तदाबाची गोळी बदलली आणि प्रकरण निभावले. पण मधल्या वेळात चिरंजिवांनी तीनदा घंटी वाजवली होती आणि कोणी उचलली नव्हती. तो पार हादरून गेला. त्या डबीत आणखी एक सोय असते: आपण ज्याला मुभा देऊ त्याला घंटी न वाजवता, कोणी उचलण्याची वाट न पाहता, सरळ खोलीत डोकावता येते. चिरंजिवांनी ती सोय तिकडूनच सुरू केली. मला त्याने सांगितले होते, मी "बरं बरं" म्हटले होते. आईला विचारावे, हे आम्हां दोघांच्याही डोक्यात आले नाही.

सप्टेंबरातली दुपार. उकाडा मी म्हणत होता. आई दिवाणावर पंख्याखाली पडली होती; पदर बाजूला, कवळी वाटीत. टीव्ही बंदच होता. आणि बंद टीव्हीखालच्या त्या डबीतून एकदम आवाज आला, "आजी, बरं वाटतंय ना?"

आई दचकून उठली. "बरं आहे रे बाळा," एवढेच बोलली आणि आत निघून गेली.

दुसऱ्या दिवसापासून ती दुपारची आतल्या खोलीत झोपू लागली. तिथे पंखा लहान आहे. संध्याकाळची आवडती मालिका तिने सोडली. बाहेरच्या खोलीतून जाताना ती डोक्यावरून पदर घेऊ लागली, आणि एके दिवशी सौ.ला त्या डबीवर आईने विणलेला क्रोशाचा रुमाल घातलेला आढळला. सौ. मला हळूच म्हणाली, "अहो, सासूबाईंचं काहीतरी बिनसलंय." मला वाटले, वय झाले, कदाचित डोक्यात काही गोंधळ होत असेल. रात्री मी आईजवळ बसलो आणि जरा चिडूनच म्हणालो, "आई, अगं तो आपलाच बाळ आहे ना? त्याच्यापुढे कसला पदर?"

आई म्हणाली, "तुला तुझी आजी आठवते?"

आठवत होती. १९७२ सालच्या दोन ऑक्टोबरला मुंबईत टीव्ही सुरू झाला आणि पुढे वर्षा-दोन वर्षांत चाळीत पहिला संच आला. आम्ही सगळे जमून पाहत असू. बातम्या देणारा गृहस्थ पडद्यावर आला की आजी झटकन डोक्यावरून पदर घेई. "परका पुरुष टक लावून बघतोय," म्हणे. अख्खी चाळ हसत असे.

"मीही हसले होते," आई म्हणाली. "तोंडाला पदर लावून हसले होते. तो माणूस तिला बघत नव्हता, ती आपली उगाच लाजत होती. पण आता तर ते खरंच बघतं ना रे? मग मी पदर घेतला तर मला वेडी का म्हणता?"

मी गप्प बसलो. ती पुढे म्हणाली, "बाळ माझा आहे. त्याला मी न्हाऊमाखू घातलंय. पण तो मोठा झाल्यावर कधी कडी न वाजवता माझ्या खोलीत आला नाही. आता आठ समुद्र ओलांडून गेला म्हणून येईल?"

त्या रात्री मी चिरंजिवांना फोन केला, मुद्दाम साधा, चेहरा न दिसणारा. जे सांगायचे होते ते तोंडावर सांगणे मला जड जात होते. त्याने ऐकून घेतले आणि मग त्याचा आवाज चढला. "बाबा, मी साडेतेरा हजार किलोमीटरवर आहे. तिकडे दुपार असते तेव्हा इथे मध्यरात्र. त्या दिवशी तीन वेळा घंटी वाजली आणि कोणी उचललं नाही, तेव्हा माझी काय अवस्था झाली हे तुम्हांला ठाऊक नाही." मग बराच वेळ तो बोललाच नाही. मला कळले की, ती डबी त्याने आमच्यावर पाळत ठेवायला नव्हे, स्वतःची झोप विकत घ्यायला आणली होती. आणि त्याची झोप आईच्या पंख्याखालच्या झोपेच्या मोबदल्यात येत होती. दोघांपैकी चूक कोणाची म्हणावी?

शेवटी तोडगा निघाला तो यंत्रातला नव्हे, चाळीतला. समोरच्या ब्लॉकमधल्या वहिनींकडे आमची एक किल्ली ठेवली आणि त्यांचा नंबर चिरंजिवांना दिला. तीन घंट्या कोणी उचलल्या नाहीत तर त्यांनी येऊन पाहायचे. रोज सकाळी आठला आईने "बरी आहे" एवढे सांगायचे. न विचारता डोकावण्याची सोय बंद केली. आणि कॅमेऱ्यापुढे सरकवायची एक बारीकशी खिटी आहे, ती उघडण्याचा अधिकार फक्त आईचा. मी नाही, सौ. नाही.

दुसऱ्या दिवशी चिरंजिवांनी घंटी वाजवून आईला स्वतः सांगितले, "आजी, चुकलं माझं." आई म्हणाली, "चुकलं कसलं? काळजीनं केलंस. पण हाक मारून ये, म्हणजे मी कवळी तरी लावीन!" आणि दोघेही हसली.

ही डबी किती वर्षे चालेल, कोण जाणे. तीन वस्तू एकत्र आहेत, तेव्हा एकीला म्हातारपण आले की तिघींना येणार. कंपनीने नवी मूर्ती काढली की जुनीकडे पाहणे सोडणार. डॉक्टरांच्या रेडिओग्रामवर शेवटी शेवटी कुंड्या ठेवल्या होत्या. आमच्या डबीवर तर एक कुंडीही मावायची नाही. म्हणून जुना फोन आणि जुने रिमोट मी ड्रॉवरमध्ये जपून ठेवले आहेत, आणि वहिनींच्या दारावरची आमची किल्लीही.

सध्या मात्र दिवाळीची तयारी चालू आहे. नरकचतुर्दशीला पहाटे आमच्याकडे पहिली पणती लागेल, तेव्हा तिकडे आदल्या दिवसाची उन्हे उतरत असतील आणि नात शाळेतून आलेली असेल. तिने वळलेल्या वातींचा डबा भरला आहे म्हणे; अजून त्या गुबगुबीतच आहेत, पण जळतील. घंटी वाजली की आई पदर सारखा करील, कवळी लावील, उठून खिटी सरकवील आणि नेहमीसारखे म्हणेल, "ये गं, आत ये."