पायाखालचे आवाज

ऑर्केस्ट्रात गिटार वाजवणाऱ्याला एका संध्याकाळी पंचवीस-तीस गाणी वाजवायची असतात आणि त्यांच्यात चाळीस-पन्नास वर्षांचं अंतर असतं. ‘चुरा लिया है तुमने’च्या सुरुवातीला काचेच्या किणकिणीपाठोपाठ येणारी भूपिंदर सिंगांची गिटार १९७३ची. ‘कर्ज’मधल्या ‘एक हसीना थी’ची गोरख शर्मांनी वाजवलेली धून १९८०ची. ‘साड्डा हक’ २०११चं. मध्येच अरुण दात्यांचं एखादं भावगीत येतं, तिथे गिटारने मागे बसून नुसता आधार द्यायचा. या प्रत्येक ठिकाणी श्रोत्याच्या कानात एक आवाज आधीच बसलेला आहे. सूर बरोबर लागले पण आवाज वेगळा आला, तर काय चुकलं हे समोरच्या खुर्चीतल्या माणसाला सांगता येत नाही. त्याच्या चेहऱ्यावर मात्र ते लगेच दिसतं.

हे सगळे आवाज आता माझ्या पायाशी असलेल्या एका पेटीतून निघतात. लाइन ६ कंपनीचा हीलिक्स एलटी. अँप, स्पीकरचा खोका, खोक्यासमोरचा माइक, वाटेतले पेडल, या सगळ्यांचं वागणं आकडेमोडीने उभं करणारं हे यंत्र. आम्ही त्याला मॉडेलर म्हणतो आणि त्यात साठवलेल्या एकेका आवाजाला पॅच. मॉडेलरचा आवाज खऱ्या अँपच्या किती जवळ जातो, यावर वादक तासन्‌तास बोलतात. ते आवाज लावून कसे ठेवायचे, यावर फारसं कुणी बोलत नाही; आणि माझ्या मते स्टेजवरचं निम्मं वादन तिथेच ठरतं.

लावून ठेवायला आमच्या पिढीला शिकवलं ते झूम ५०५ने. नव्वदच्या दशकातलं हे छोटं यंत्र आमच्यातल्या कित्येकांचं पहिलं. त्याला दोनच पायबटणं होती, एक पुढच्या पॅचसाठी, एक मागच्या. साथीच्या क्लीन आवाजावरून एकल वादनाच्या लीडवर जायचं तर मधले पॅच ओलांडत जावं लागे. त्यामुळे कुठला आवाज कुणाच्या शेजारी बसवायचा, याचा हिशेब कार्यक्रमाच्या आधी वहीत मांडावा लागायचा. मुखड्याचा क्लीन, त्याच्या शेजारी पहिल्या म्युझिकचा लीड, आणि लीडच्या पुढे पुन्हा तोच क्लीन. एकच आवाज दोन जागी साठवायचा, कारण एका पावलाचं अंतर गाण्यात फार मोठं असतं.

मग जागा वाढत गेल्या. लाइन ६चा लाल रंगाचा, घेवड्याच्या दाण्यासारख्या आकाराचा पॉड १९९८ साली आला, त्यात ३६ पॅच मावत. २०१५मध्ये आलेल्या हीलिक्समध्ये आठ सेटलिस्ट आणि प्रत्येकीत १२८ पॅच, म्हणजे १०२४. शिवाय प्रत्येक पॅचच्या पोटात आठ स्नॅपशॉट. स्नॅपशॉट म्हणजे त्याच पॅचची वेगळी मांडणी: कुठलं पेडल चालू, कुठलं बंद, अँपचा गेन किती, डिले किती, हे सगळं एका बटणाखाली लक्षात ठेवलेलं. एवढी जागा हातात आल्यावर बहुतेक वादक करतात ते अगदी स्वाभाविक आहे. प्रत्येक गाण्याचा एक पॅच, गाण्याच्याच नावाने.

ठरलेल्या क्रमाचा कार्यक्रम असेल तर ही पद्धत उत्तम चालते. संगीतकाराचा स्वतःचा दौरा असतो, गाणी महिनोन्‌महिने तीच, क्रमही तोच. तिथे मीही ती वापरीन. आमच्याकडे पहिल्या तीन गाण्यांनंतर निवेदकाच्या हातात चिठ्ठ्या येतात. फर्माईश. यादीत सतरावं असलेलं गाणं चौथं होतं, आणि यादीत नसलेलं पाचवं. गायिका कीबोर्डवाल्याला पट्टी सांगते, ढोलकी उठते, आणि मी मात्र खाली वाकून १२८ नावांतून एक नाव शोधत असतो, ही गोष्ट मला मान्य नाही. गिटारवाल्याची नजर त्या क्षणी गायिकेकडे हवी. ती कधी श्वास घेते, त्यावर पहिला कॉर्ड पडायचा असतो.

दुसरी अडचण त्याहून खोल आहे. गाण्यागणिक पॅच केले की एकाच क्लीन आवाजाच्या साठ नकला तयार होतात. एक दिवस लक्षात येतं की क्लीन जरा जाड झालाय, बेस गिटारच्या अंगावर जातोय. तो बारीक करायचा तर साठ ठिकाणी करायला हवा. करतो आपण दहा ठिकाणी. मग त्याच गिटारीचा आवाज एका गाण्यात असा, दुसऱ्यात तसा, आणि ऐकणाऱ्याला वाटतं मधेच वादक बदलला की काय.

म्हणून मी आवाज कामानुसार लावतो. पॅच मोजके: एक जुन्या हिंदी गाण्यांचा, एक ऐंशीच्या दशकातल्या कोरस आणि डिले लावलेल्या आवाजांचा, एक रॉकचा, एक भावगीत-गझलेचा. ‘एक हसीना थी’सारख्या एखाद्या गाण्याला वेगळा पॅच मिळतो, कारण तिथे आवाज हीच त्या धूनची ओळख आहे. बाकी सगळी गाणी या चार घरांत राहतात.

आणि घर कुठलंही असो, आतली मांडणी बदलत नाही. एलटीवर मधली आठ बटणं दोन ओळींत असतात: वर एक ते चार, खाली पाच ते आठ. खालची ओळ पायाला जवळची, म्हणून वाजवता वाजवता लागणारे आवाज तिथे. पाचवर क्लीन साथ. सहावर तीच साथ, थोडी मोकळी, कोरस किंवा ट्रेमोलो घेतलेली. सातवर जरा करकरीत, म्युझिक पीसमधल्या कॉर्डसाठी. आठवर लीड. वरच्या ओळीत कमी लागणारे: अकूस्टिकसारखा आवाज, वाह, लांब डिलेचा लीड, आणि चारवर पूर्ण शांतता, म्हणजे ट्यूनिंग करायला किंवा निवेदन चालू असताना हात तारेला लागला तरी काही ऐकू जाऊ नये म्हणून. भावगीताच्या पॅचमध्ये सातवरची करकर अगदी नावापुरती आहे, रॉकच्या पॅचमध्ये ती भिंत फोडते. पण दोन्हीकडे ती सातवरच आहे. पायाला पत्ता एकदाच पाठ करावा लागतो.

मेडलीत याचा खरा उपयोग कळतो. पॅच बदलला की आवाजात क्षणभर खंड पडतो आणि मागे रेंगाळणारा डिले तुटतो. स्नॅपशॉट बदलताना ते होत नाही. लीडचा शेवटचा सूर विरत असताना पाय पाचवर येतो आणि पुढच्या गाण्याचा ठेका सुरू होतो. एक बारकावा इथे सांगायलाच हवा. पॅच सेव्ह करताना आपण ज्या स्नॅपशॉटवर असतो, पुढच्या वेळी तो पॅच त्याच स्नॅपशॉटवर उघडतो. त्यामुळे कितीही घाई असली तरी आधी पाचवर यायचं, मग सेव्ह. नाहीतर हळुवार मुखड्याच्या जागी लीडचा डोंगर कोसळतो.

आता आवाजाच्या पातळीबद्दल. सगळ्यात जास्त वेळ मी यावर घालवतो, आणि माझ्याकडे शिकायला येणाऱ्या मुलांना सगळ्यात कंटाळा याचाच येतो. घरी रात्री हळू आवाजात लावलेला पॅच मैदानावर का बिघडतो, याचं उत्तर बेल लॅबच्या फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ साली देऊन ठेवलंय. आवाज लहान असला की माणसाच्या कानाला खर्ज आणि टिपेची टोकं कमी ऐकू येतात. घरी ती कमी वाटतात म्हणून आपण बेस आणि ट्रेबल वाढवतो. स्टेजवर आवाज मोठा झाला की वाढवलेलं सगळं अंगावर येतं, खाली गुरगुर आणि वर सुईसारखी टोच. शिवाय एकट्याने ऐकताना भरदार वाटणारी गिटार वाद्यवृंदात इतरांची जागा खाते. गिटारची सगळ्यात जाड तार सुमारे ८२ हर्ट्झवर वाजते. तिथे बेस गिटार आणि ढोलकीचा धुमा आधीच बसलेले असतात. मी लो कट १०० हर्ट्झच्याही वर नेतो, हाय कट सहा-सात हजारांपाशी ठेवतो. एकट्याने ऐकल्यावर तो आवाज जरा किडकिडीत वाटतो. सगळ्यांबरोबर वाजला की जागेवर बसतो.

आठवरचा लीड पाचवरच्या क्लीनपेक्षा किती मोठा हवा, हे मीटर बघून ठरत नाही. डिस्टॉर्शनमुळे आवाज सपाट होतो. मीटरवर तो भरलेला दिसतो आणि प्रत्यक्षात तबला, ऑक्टोपॅड, कीबोर्डच्या गर्दीत हरवतो. क्लीनचं उलट. मीटरवर लहान, पण नखाचा प्रत्येक आघात सगळ्यांच्या डोक्यावरून पुढे उडी मारतो. म्हणून पातळ्या तालमीतच लावायच्या, बेस आणि ठेका चालू असताना. मी कीबोर्डवाल्याला सांगतो, “दादा, मुखडा फिरवत राहा.” तो फिरवतो, मी पाच-आठ-पाच-आठ करतो, आणि गायिका सांगते, “काका, लीड ठीक आहे, पण परत आलात की मला माझाच आवाज ऐकू येत नाही.” म्हणजे क्लीन खाली. तिचं ऐकायचं, कारण मॉनिटरमध्ये आमच्या सगळ्यांच्या वर तिला स्वतःचा सूर सापडायचा असतो. लीडला मी तीनेक डेसिबल देतो आणि उरलेलं काम हजार हर्ट्झच्या आसपासच्या थोड्याशा उठावावर सोडतो. नुसता आवाज वाढवला तर साउंडवाले तिकडून फेडर खाली घेतात, आणि मग पुढच्या मुखड्यात गिटार गायब.

नाट्यगृह बदललं की पॅचला हात लावायचा नाही, यावर मी ठाम आहे. पडदे, खुर्च्या आणि माणसांनी भरलेलं बालगंधर्व रंगमंदिर वेगळं, गणपतीतला पत्र्याचा मांडव वेगळा. मांडवात खर्ज घुमतो. तो दोष जागेचा आहे. तो ग्लोबल ईक्यूमध्ये दुरुस्त करायचा, म्हणजे बदल सगळ्या पॅचना एकदम लागू होतो, आणि कार्यक्रम संपला की तो ईक्यू सपाट करून पेटी बंद करायची. जागेप्रमाणे पॅच बदलत गेलो तर वर्षभरात त्यांचा मूळ आवाज कुठला होता हेच हरवतं. तसंच पेटीवरचं व्हॉल्यूमचं मोठं बटण मी फक्त माझ्या मॉनिटरकडे जाणाऱ्या आउटपुटला जोडलंय. मिक्सरकडे जाणारी पातळी कायम राहते. मला कमी ऐकू आलं म्हणून प्रेक्षकांना जास्त ऐकवणं बरं नव्हे.

पट्टीचं मात्र सोपं उत्तर नाही. मूळ गाण्यातली मोकळ्या तारांची छेड गायिकेच्या काळी चारमध्ये त्याच बोटांनी येत नाही. कॅपो लावायला वेळ नसतो. हीलिक्समध्ये ३.० आवृत्तीपासून पॉली कॅपो आहे, तो सगळे सूर एकत्र वर-खाली सरकवतो. एक-दोन सुरांपर्यंत तो छान निभावतो; त्यापुढे तारेच्या आघातातला जिवंतपणा कमी होतो आणि हाताला किंचित उशीर जाणवतो. तिथे मी बोटं बदलतो. ज्याचं त्याचं मत, पण रियाजाने येणारी गोष्ट यंत्राकडे देताना मी दोनदा विचार करतो.

नावांचंही तसंच काही ठरलेलं आहे. यंत्रातल्या अँपना कंपनीने टोपणनावं दिली आहेत. व्हॉक्स एसी३० तिथे एसेक्स ए३० होतो, बोगनर शिवाचं नाव जर्मन महादेव. ऐकायला गोड, पण पॅचच्या नावात मी अँप लिहीत नाही. अंधारात खाली बघितल्यावर मला अँप कुठला हे जाणून घ्यायचं नसतं, ‘जुनी हिंदी’ एवढंच पुरतं. जे पॅच वर्षभर वाजले नाहीत ते लॅपटॉपवर उतरवून पेटीतून काढून टाकतो.

अलीकडे एका कार्यक्रमाला मला जाणं शक्य नव्हतं आणि माझ्या जागी बदली म्हणून एक तरुण वादक जाणार होता. त्याला पेटी देण्याआधी आम्ही एक दुपार बसलो. चार घरं, आठ जागा. त्याला सगळं सांगायला फार वेळ लागला नाही. मग त्याने उभं राहून वाजवून पाहिलं आणि म्हणाला, “काका, माझा उजवा पाय कायम पेडलवर असतो, वाहसाठी. आठ नंबर पेडलच्या शेजारी. डाव्या पायाने तिथे जायचं म्हणजे मला पाय ओलांडावा लागतो. लीड मला सहावर हवा.”

मी वाह क्वचित वापरतो, म्हणून माझ्या मांडणीत हा विचारच नव्हता. त्याच्या वादनात वाह सगळीकडे आहे. चारही पॅच मी रिकाम्या सेटलिस्टमध्ये उतरवले आणि त्याला सांगितलं, यात तुझ्या पायाने लाव. फक्त जे कुठे ठेवशील ते चारही ठिकाणी तिथेच ठेव. तो लॅपटॉप घेऊन जमिनीवर बसला, आणि लीडला जागा करून देण्यासाठी सहावरचा मोकळा क्लीन कुठे न्यायचा, यावर आमची संध्याकाळपर्यंत चर्चा चालली.