बिनआरशाचा कॅमेरा आणि मोरगावचा माळ

पावसाळा सरून माळावरचे गवत पिवळे पडू लागले, म्हणजे मोरगावच्या पंचक्रोशीत पुण्यामुंबईकडून आणि खुद्द बारामती-इंदापूर तालुक्यांतून कॅमेरे गळ्यात अडकवून जी मंडळी येऊ लागतात, त्यांच्यात परस्परांस सल्ला देण्याची एक मोठी उदार वहिवाट पडून गेली आहे. मुळीच ओळखदेख नसताना एकजण दुसऱ्याच्या कॅमेऱ्याच्या पडद्यावर डोकावतो, छायाचित्राची मनापासून तारीफ करतो, आणि तारीफ पुरी होण्याच्या आतच ‘लेन्स कोणती?’ असे विचारतो. चहा निवेपर्यंत मिररलेस, म्हणजे बिनआरशाचा, कॅमेरा घ्यावा की जुना आरशाचाच ठेवावा, फुल फ्रेम बरा की लहान सेन्सर बरा, ह्या प्रश्नांवर तीन-चार निवाडे जाहीर झालेले असतात. छायाचित्रण शिकविणे हाच माझा व्यवसाय असल्यामुळे असे निवाडे देण्याचा प्रसंग माझ्यावर वरचेवर येतो, आणि त्या अनुभवाच्या बळावर माझे असे मत झाले आहे की, उपकरणाविषयीचा सल्ला स्थळ सांगितल्यावाचून निरर्थक असतो, आणि तरीही स्थळ हीच एक गोष्ट अशी आहे की जी सांगताना छायाचित्रकाराने सर्वात अधिक विवेक बाळगावयास हवा.

प्रथम आरशाचे प्रकरण निकालात काढू. १९५९ साली निकॉन एफ हा कॅमेरा बाजारात आला आणि त्यानंतर जवळजवळ अर्धशतकभर गंभीर छायाचित्रणाच्या क्षेत्रात आरशाच्या कॅमेऱ्याचेच राज्य चालले. लेन्समधून आत आलेला प्रकाश ४५ अंशांत बसविलेल्या आरशावर पडून वर वळावा, काचेच्या लोलकातून डोळ्यापर्यंत पोचावा, आणि बटण दाबताच आरसा खाडकन वर उचलला जाऊन तोच प्रकाश मागच्या फिल्मवर पडावा, अशी ती योजना होती. योजना चातुर्याची खरी. पण ज्या क्षणाचे चित्र घ्यावयाचे, नेमका तोच क्षण छायाचित्रकाराच्या डोळ्यांआड होत असे, आणि वर त्या आरशाचा आवाज शंभर पावलांवरच्या हरणालाही ऐकू जाई. २००८ मध्ये पॅनासॉनिकने जी-१ हा कॅमेरा काढून आरसा अजिबात वगळला आणि सेन्सरवर पडलेले चित्रच थेट एका छोट्या पडद्यावर डोळ्यापुढे आणले. २०१३ मध्ये सोनीने पूर्ण आकाराच्या सेन्सरचे ए-७ कॅमेरे आणले. आणि २०१८ मध्ये निकॉन व कॅनन ह्या दोन्ही जुन्या घराण्यांनी त्याच वाटेने जाण्याचे जाहीर केले, तेव्हा आरशाचा काळ संपला असे मानावयास हरकत उरली नाही.

आरसा गेल्याचा लाभ कोठे होतो आणि कोठे होत नाही, हे मात्र नीट समजून घेतले पाहिजे, कारण बहुतेक चुकीच्या शिफारशींचे मूळ ह्याच ठिकाणी असते. आरशाला उठबस करण्यास जागा हवी म्हणून निकॉनच्या जुन्या बांधणीत लेन्सची बैठक आणि फिल्म ह्यांमध्ये ४६.५ मिलिमीटर अंतर ठेवावे लागे. नव्या झेड बांधणीत ते अवघे १६ मिलिमीटर आहे. शेवटचे भिंग सेन्सरच्या जवळ नेता येऊ लागल्यामुळे विस्तीर्ण दृश्याच्या लेन्सेसची रचना सुलभ झाली आणि चित्राच्या कोपऱ्यांपर्यंत रेखीवपणा टिकू लागला. परंतु दूरच्या पक्ष्यासाठी जी ६०० मिलिमीटरची लेन्स लागते, तिच्या आकाराचा आरशाशी काही संबंध नाही. ६०० ला ४ ने भागले की १५० मिलिमीटर येतात. एफ-४ ची लेन्स हवी असेल, तर तिच्या तोंडाशी निदान इतक्या व्यासाची काच बसवावीच लागेल, आणि मग तिचे वजन तीन किलोच्या घरात जाणारच. तोच आकडा एफ-६.३ वर आणला, तर व्यास ९५ मिलिमीटरवर येतो आणि वजन निम्म्याखाली उतरू शकते. तेव्हा ‘मिररलेस घेतला म्हणजे ओझे हलके होईल’ असे जे सांगितले जाते, ते देवळाच्या छायाचित्रकारापुरते खरे आणि पक्ष्यांच्या छायाचित्रकारापुरते बरेचसे खोटे आहे.

आता ही दोन्ही प्रकारची माणसे मोरगावात एकाच दिवशी येतात, हा ह्या गावाचा विशेष. मयूरेश्वराचे मंदिर अष्टविनायकांच्या यात्रेतील आद्य स्थान. उंच तटबंदी, चार कोपऱ्यांवरचे मनोरे, वरचा नगारखाना, आणि गणपतीच्या समोर नंदी बसलेला, असा त्याचा थाट आहे. गडासारखी ही वास्तू जवळून टिपण्यासाठी कॅमेरा वर रोखला की मनोरे आतल्या बाजूस कलंडल्यासारखे दिसतात. त्यावर उपाय म्हणजे मागे सरणे, कॅमेरा पातळीत धरणे आणि वरची जास्तीची जागा मोकळी ठेवणे. मिररलेस कॅमेऱ्याच्या पडद्यावर क्षितिजाची रेषा आखलेली दिसते, ती ह्या कामी आरशाच्या लोलकापेक्षा कितीतरी उपयोगी पडते. येथे २४ मिलिमीटरची एक आणि ३५ मिलिमीटरची, एफ-१.८ सारख्या मोठ्या छिद्राची दुसरी, अशा दोन लहान लेन्सेस पुरेशा होतात. माघात आणि भाद्रपदात चिंचवडहून मोरया गोसावींच्या परंपरेतील मंगलमूर्तींची पालखी येथे येते, तेव्हाच्या दाटीत खांद्याएवढी लेन्स घेऊन वावरणे हा केवळ अडाणीपणा होय. गाभाऱ्यात कॅमेरा उघडू नये. आणि मंडपात देखील शटर मूक ठेवावे, कारण भाविकाच्या एकाग्रतेवर आपला कसलाही हक्क पोचत नाही.

मंदिरापासून सुप्याच्या बाजूस निघाले की काही मैलांत हे सगळे हिशेब उलटे होतात. सुप्याच्या अभयारण्याला मयूरेश्वराचेच नाव दिलेले असून ते ५.१४ चौरस किलोमीटर इतके लहान आहे. पर्जन्यछायेतील हा गवताळ माळ चिंकाऱ्यासाठी राखलेला आहे, आणि त्याच्या आसऱ्याने खोकड, लांडगा, धाविक, चंडोल, आणि हिवाळ्यात दूर उत्तरेकडून येणारे भोवत्या जातीचे शिकारी पक्षी येथे नांदतात. ज्यांनी जंगल म्हणजे झाडी अशी समजूत करून घेतली आहे, त्यांना हा प्रदेश ओसाड वाटतो, आणि सरकारी दफ्तरांतूनही अशा जमिनींची नोंद ‘पडीक’ अशीच होत आली आहे. येथे जनावराला लपावयास आडोसा नाही, तसा छायाचित्रकारालाही नाही. म्हणून मिररलेसचा जो गुण इतरत्र गौण मानला जातो, तो मौनाचा गुण येथे सर्वश्रेष्ठ ठरतो. चिंकारा मान वर करून आपल्याकडे पाहतो आहे आणि कॅमेरा एका सेकंदात वीस चित्रे घेऊनही निःशब्द आहे, ही सोय जुन्या पिढीतील छायाचित्रकारांना कोणत्याही किमतीला मिळाली नसती.

परंतु मौनालाही अट आहे. मूक शटरमध्ये सेन्सर आपल्या ओळी वरून खाली क्रमाक्रमाने वाचतो. सामान्य प्रतीच्या कॅमेऱ्यात ह्या वाचनास इतका अवधी लागतो की तेवढ्यात झेप घेणाऱ्या पक्ष्याचे पंख वाकडे उमटतात. २०१७ चा सोनी ए-९ आणि २०२१ चा निकॉन झेड-९ ह्यांनी हे वाचन इतके वेगवान केले की झेड-९ मधून यांत्रिक शटर काढूनच टाकण्यात आले. २०२३ मध्ये जाहीर झालेल्या सोनी ए-९-३ मध्ये तर सगळ्या ओळी एकाच वेळी वाचल्या जातात. हे कॅमेरे महागडे आहेत. ज्यांच्याजवळ साधा मिररलेस आहे, त्यांनी बसलेल्या चिंकाऱ्यासाठी मूक शटर आणि उडणाऱ्या भोवत्यासाठी यांत्रिक शटर वापरावे, म्हणजे खर्चावाचून निभाव लागतो.

डोळा ओळखून त्यावर फोकस धरण्याची जी करामत गेल्या काही वर्षांत पक्ष्यांपर्यंत पोचली आहे, तिचीही येथे कसोटी लागते. कॅमेऱ्याला डोळा दिसला तर तो धरतो. पण गुडघाभर गवतात बसलेल्या जनावराच्या पुढे हलणारी काडीच त्याला प्रथम सापडते. अशा वेळी फोकसचा चौकोन लहान करून आपल्या हाताने जनावराच्या डोक्यावर ठेवावा, हा जुना उपाय अद्याप बाद झालेला नाही. शिवाय ऊन चढले की तापलेल्या जमिनीवरची हवा थरथरू लागते, आणि मग कितीही महाग लेन्स लावली तरी दूरचे चित्र उकळत्या पाण्यातून घेतल्यासारखे येते. लेन्स जितकी लांब, तितकी ही थरथर अधिक मोठी होऊन दिसते. ‘माझी लेन्स रेखीव नाही’ अशी तक्रार घेऊन जे माझ्याकडे येतात, त्यांच्या चित्रांची वेळ मी आधी पाहतो. अकरा-बाराची वेळ दिसली, की लेन्सला निर्दोष सोडतो.

इंदापूर तालुक्याच्या उत्तर सरहद्दीवर, भीमेवरील उजनी धरणाचे पाणी जेथे भिगवण, डिकसळ आणि कुंभारगावच्या शिवारात पसरले आहे, तेथे तिसराच न्याय लागू होतो. १९८० साली पुऱ्या झालेल्या ह्या धरणाने गावे बुडविली आणि पाणपक्ष्यांचे एक विशाल संस्थान निर्माण केले. हिवाळा सरत जाऊन पाणी ओसरू लागले की उथळ चिखलात रोहित पक्ष्यांचे थवे उतरतात, आणि चित्रबलाक, चक्रवाक, पट्टकादंब, मत्स्यगरुड ह्यांची तेथे दाटी होते. पांढराशुभ्र पक्षी आणि चकाकणारे पाणी ह्यांच्यापुढे कॅमेऱ्याचा प्रकाशमापक हटकून फसतो. आरशाच्या कॅमेऱ्यात ही फसगत चित्र घेतल्यानंतर कळे. मिररलेसच्या पडद्यावर ती आधीच दिसते, आणि अंगठ्याने चाक फिरवून पंखांतले तपशील राखता येतात. नावेत मात्र तिकाटणे नेऊ नये, कारण नावेचा सगळा हादरा त्याच्या पायांतून कॅमेऱ्यात शिरतो. कोपर अंगाशी धरून, शटर दोन हजारांशापर्यंत चढवून, हातानेच काम करावे. येथे ६०० मिलिमीटरपेक्षा १०० ते ४०० किंवा १०० ते ५०० ची लेन्स अधिक उपयोगी पडते, कारण नाव पक्ष्यांच्या बऱ्याच जवळ जाऊ शकते. किती जवळ जावे, हे ठरविण्याचा अधिकार नावाड्याचा आहे. ह्या गावांतील मच्छीमार कुटुंबांतूनच पक्ष्यांचे उत्तम जाणकार तयार झाले आहेत, आणि ‘थवा उडवा, पंखांचा गुलाबी रंग दिसू द्या’ असा आग्रह धरणारे पाहुणे त्यांच्या ज्ञानाचा आणि पक्ष्यांच्या चरण्याच्या वेळेचा एकदमच अपमान करतात.

एकाच दिवसाच्या फेरीत तीन स्थळे, आणि तिन्ही ठिकाणी वेगळी लेन्स, वेगळे शटर, वेगळी वेळ: तेव्हा ‘सर्वोत्तम लेन्स कोणती?’ ह्या प्रश्नाला उत्तर नसते, हे उघड आहे. नवख्याला मी इतकेच सांगतो, की बॉडीवर खर्च कमी करावा आणि लेन्सवर अधिक. जुन्या कॅननच्या लेन्सेस अडॅप्टरवर नव्या बॉडीला उत्तम चालतात, पण निकॉनच्या ज्या जुन्या लेन्सेसमध्ये स्वतःची मोटर नाही, त्या नव्या बॉडीवर एफटीझेड अडॅप्टर लावूनही आपणहून फोकस धरीत नाहीत, हे घेण्यापूर्वी तपासावे. आणि माळावरच्या धुळीत लेन्स बदलण्याचा मोह आवरावा, कारण आरसा गेल्यामुळे सेन्सर आता दाराशीच उघडा असतो.

आता स्थळाच्या दुसऱ्या बाजूकडे वळू. छायाचित्रांची देवाणघेवाण ही निव्वळ करमणूक नाही, ह्याचा उत्तम दाखला आमच्याच जिल्ह्यात घडला आहे. पुण्याजवळच्या माळांवर लांडग्यांच्या कळपात रंगाने वेगळे, पिंगट दिसणारे प्राणी हौशी निरीक्षकांच्या नजरेस आले. त्या निरीक्षणांचा धागा धरून पुण्याचा ग्रासलँड्स ट्रस्ट आणि बंगळुरूच्या संशोधन संस्था ह्यांनी जनुकीय तपासणी केली, आणि लांडगा व कुत्रा ह्यांच्या संकराचा भारतातील पहिला जनुकीय पुरावा २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. कॅमेरे घेऊन हिंडणारी माणसे आपापली चित्रे पेटीत बंद करून बसली असती, तर हा संकर कदाचित आणखी कित्येक वर्षे अज्ञात राहिला असता. म्हणून चित्रे दाखवू नयेत, असे मी कधीच म्हणणार नाही.

परंतु चित्राबरोबर जागाही जाहीर करण्याची जी घाई दिसते, तिचे परिणाम माळावर चाकोऱ्यांच्या रूपाने उमटतात. हिवाळ्यात लांडगीण ज्या ओढ्याच्या काठी पिलांना जपते, तेथे एक गाडी पोचली की आठवड्यात दहा पोचतात. पिले दुसरीकडे हलविली जातात, आणि ह्या धावपळीत कधी मेंढवाड्याच्या नको तितकी जवळ येतात, त्याचा भुर्दंड माळावरच्या धनगराला बसतो. धाविक आणि टिटवी उघड्या जमिनीवर अंडी घालतात. रस्ता सोडून गेलेल्या चाकाखाली ती दिसतही नाहीत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीची जी व्याख्या केली आहे, तिच्यात वन्य पक्ष्यांची अंडी वा घरटी विस्कळीत करणे हेही अंतर्भूत आहे, ही गोष्ट लेन्सच्या गुणदोषांवर तासभर बोलणाऱ्यांपैकी फार थोड्यांना ठाऊक असते. कायद्याच्या दृष्टीने बंदूक आणि कॅमेरा ह्यांतील अंतर आपण समजतो तितके मोठे नाही.

यास्तव मी आणि माझे विद्यार्थी एक साधा संकेत पाळतो. उपकरणाविषयी जे ठाऊक आहे, ते सारे कोणालाही, मोबदल्यावाचून आणि आडपडदा न ठेवता सांगावे. छिद्र, वेग, वेळ, उजेडाची दिशा, ह्यांत गुपित ठेवण्यासारखे काही नाही. जागा मात्र तालुक्याच्या नावापलीकडे सांगू नये, चित्र पाठविण्यापूर्वी त्यात दडलेली स्थळनोंद पुसून टाकावी, आणि घरट्याचे वा बिळाचे चित्र हंगाम संपेपर्यंत आपल्याजवळच ठेवावे. त्या नोंदीची शास्त्राला गरज असेल, तर ती अभ्यासकांच्या किंवा वनखात्याच्या हवाली करावी. ज्यांना माळ पाहावयाचा आहे, त्यांच्यासाठी वनखात्याने कडबनवाडी आणि शिर्सुफळ येथे आखलेल्या मार्गांवरून, स्थानिक मार्गदर्शकांसह सफारीची सोय केली आहे. तेथे जाणाऱ्याचा पैसा गावात राहतो आणि चाके रस्त्यावर राहतात. हा संकेत ऐकून पुष्कळांची निराशा होते, कारण लेन्स दुकानात मिळते आणि जागा फुकटात मिळावी अशी त्यांची अपेक्षा असते. माझा अनुभव असा, की ज्याला जागा स्वतः शोधावी लागली, तोच पुढे तिची राखण करतो. आणि ज्याने ती अशा रीतीने शोधली, त्याला लेन्स कोणती घ्यावी हे विचारण्याची वेळ सहसा येत नाही.